करवतीची दुसरी मूठ

४ सप्टेंबर

साडूबुवा,

नमस्कार घे, आक्कांनाही सांग. तुझा फोन येऊन गेला असं सूनबाई म्हणाली. पण आपल्या फोनवरच्या बोलण्यात ‘काय?’ आणि ‘मोठ्यानं बोल’ याच्यापलीकडे काही नसतं. लाकडाच्या वखारीतल्या यंत्रानं दोघांचेही कान खाल्ले, त्याला कोण काय करणार? आपलं पत्रच बरं.

एक सल्ला हवा आहे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक डॉक्टर राहतात. माणसांचे नव्हेत, गुरांचे. आता निवृत्त आहेत. त्यांना रानात जाऊन राहायचा नाद आहे. तंबू पाठीवर टाकायचा, दोन-तीन मुक्काम करायचे, लाकडं गोळा करून त्यांवर चहा-जेवण शिजवायचं आणि परत यायचं. आक्कांची बहीण गेल्यापासून मी खिडकीशी बसून समोरच्या गॅरेजात गाड्या धुताना बघतो, हे तुला ठाऊकच आहे. मुलगा म्हणाला, “बाबा, जाऊन तर बघा एकदा.” गेलो. आणि काय सांगू, तिथे मला भूक लागली. घरी लागत नाही.

आता पाऊस ओसरला की पुन्हा जायचं चाललं आहे. तिथे उभ्या झाडाला हात लावायची परवानगी नाही, पडलेलं लाकूड घ्यायचं. ते कापायला पिशवीत मावेल अशी करवत हवी. दुकानात तीन प्रकार दिसले. एक चाकूसारखी घडी घालायची. दुसरी धनुष्यासारख्या चौकटीची, ती सुटी करून नेता येते. तिसरी म्हणजे नुसती दात्यांची साखळी, दोन टोकांना दोन मुठी, गुंडाळली की चहाच्या डबीत बसते. तुझा जन्म करवतीत गेला. तू म्हणशील ती घेऊ.

तुझा,
धाकटा साडू


१० सप्टेंबर

साडूबुवा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा करवतीसाठी आणि एकदा डॉक्टरसाठी.

‘तू म्हणशील ती घेऊ’ असं लिहिलं आहेस. घेऊ म्हणजे कोण कोण? करवत तुला हवी आहे की त्याला? गुरांचा डॉक्टर आहे हे मात्र चांगलं झालं. तुला अगदी योग्य माणूस भेटला.

तू जमिनीवर झोपतोस का? खाली काय अंथरतोस? अंगात लोकर असते का? रानात सरपटणारं असतं, पायात बूट घातल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नकोस. घालण्याआधी बूट उलटा करून झाडून घे. पाणी उकळून पितोस ना? डॉक्टर म्हणेल झऱ्याचं पाणी शुद्ध असतं. तो म्हशींना पाजत आला आहे, त्याला शुद्ध वाटणारच. भूक लागली म्हणून लिहिलंस ते वाचून हिला फार बरं वाटलं. मलाही वाटलं. पण आमच्याकडे महिनाभर राहिलास तेव्हा नाही लागली ती? असो.

आता करवत. चौकटीची कापते झकास, पण ओंडका जाड असला की चौकटच लाकडाला टेकते आणि काप अर्ध्यावर राहतो. शिवाय पाठीवर अडगळ. बॅटरीवर चालणारीही निघाली आहे म्हणे, तिचं नाव काढू नकोस, यंत्रानं कान खाल्ले तेवढे पुरे.

तू घडीची घे. पातं वीतभराहून थोडं लांब असावं. दाते मोठे आणि ओढताना कापणारे बघ. ढकलताना कापणारं पातळ पातं वाकतं. उघडल्यावर पातं पक्कं राहील असा खटका हवा, नाहीतर बोटांवर मिटेल. मनगटाएवढं लाकूड तिच्यानं सुखानं कापलं जातं, आणि चहाला याहून जाड लाकूड लागतं कशाला? मूठ एकच, म्हणजे कुणाची वाट बघायला नको. ती एका माणसाची करवत आहे हाच तिचा मोठा गुण.

साखळी घेऊ नकोस. ते खेळणं आहे.

तुझा,
थोरला साडू

ता. क. भाऊजी, मी आक्का. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. हे लिहिताना बरेच कागद फाडून झाले. ह्यांनी ती साखळी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. तुम्ही जेवत जा.


१९ सप्टेंबर

साडूबुवा,

आधी आक्कांची ता. क. वाचली, मग तुझं पत्र. क्रम बरोबर होता असं वाटतं.

पाणी उकळूनच पितो. बूट झाडतो. डॉक्टर त्या बाबतीत तुझ्याहून भित्रे आहेत, काळजी करू नकोस. माणूस फार समजूतदार आहे. बोलतो कमी. ओल्या दिवसात चूल पेटवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. भिजलेल्या फांदीची साल सोलतात, आतलं कोरडं लाकूड चाकूनं पिसासारखं तासतात आणि एका काडीत जाळ करतात. आपण इतकी वर्षं लाकडात काढली, पण आपल्याला नुसतं कापता आलं, जाळता आलं नाही.

तुझं घडीच्या करवतीचं म्हणणं पटतं. पण डॉक्टरांनी दुकानात साखळी हातात घेऊन बघितली. ते म्हणतात, एकट्यानं दोन्ही हातांनी ओढली तर खांदे भरून येतात, पण दोघांनी समोरासमोर बसून एकेक मूठ धरली तर मांडीएवढा ओंडकाही जातो. आपण दोघं मोठी करवत ओढायचो तसंच. मला ते बरं वाटलं. तुझं काय म्हणणं आहे, ते कळव.

अक्षर वाकडं आलं आहे. टेबलाचा एक पाय हलतो.

तुझा,
धाकटा साडू


२५ सप्टेंबर

साडूबुवा,

‘आपण दोघं ओढायचो तसंच’ हे लिहिताना तुझा हात कसा चालला?

त्या मोठ्या करवतीच्या एका टोकाला तू होतास आणि दुसऱ्या टोकाला मी. आपल्याआधी त्या वखारीत जोड्या लागायच्या आणि आठ दिवसांत मोडायच्या, शिव्या देत मोडायच्या. आपली मोडली नाही. मला मेव्हणीसाठी स्थळ बघायला सांगितलं तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ तुझं नाव सांगितलं. वखारीचा मालक हसून म्हणाला, “अरे, चांगला दोस्त आहे तुझा, नात्यात कशाला ओढतोस?” मी म्हणालो, “दोस्त पळतो. साडू कुठे जातो?” तर तू मुलाकडे गेलास. ठीक आहे, मुलाकडे जावंच लागतं. पण तिथे जाऊन गुरांच्या डॉक्टरसमोर मूठ धरायची?

मी काल बाजारात जाऊन ती साखळी पाहिली. पाहिली नाही असं आता कुणी म्हणू नये. सांगतो. एक, ती कापात वाकडी झाली की अडकते. दोन, एकेका दात्याला धार लावणं म्हणजे मुंगीला पैंजण घालणं. तीन, दोघांचा ताल एक नसेल तर ती लाकूड कापत नाही, माणसं कापते. साखळी दुकानात मिळेल, ताल कुठल्या दुकानात मिळतो ते डॉक्टरला विचार. तासलेल्या पिसांत मिळतो का तेही विचार.

घडीची करवत मीच घेतली आहे. पार्सलनं पाठवतो. मुठीला रबर आहे, ओल्या हातातून सटकणार नाही. खटका स्वतः उघडून-मिटून पाहिला. ही तुझी करवत. तुझी एकट्याची. डॉक्टरला त्याची साखळी आणू दे आणि त्याच्या म्हशीबरोबर ओढू दे.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल. तो पाय हलता ठेवू नकोस, एखादे दिवशी चहा अंगावर सांडून घेशील.

तुझा,
थोरला साडू

ता. क. भाऊजी, दुकानात ह्यांनी करवत पारखायला कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा कापला. तो विकायचा नव्हता, दुकान झाडायचा होता. दुकानदार म्हणाला, “आजोबा, दुसरं काही मिळालं नाही का?” आता कापलेला झाडू आमच्या घरी आहे. मला वाकून झाडावं लागतं. साखळीची मूठ मात्र ह्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली होती, हे मी बघितलं. — आक्का


१६ ऑक्टोबर

साडूबुवा,

पार्सल पोचलं. करवत उत्तम आहे.

रानात जाऊन आलो. रात्री गारवा चांगला होता. तुझीच करवत वापरली. जाळ झाला. डॉक्टर तुला नमस्कार सांगतात.

बाकी ठीक. यापुढे फारसं जाणं होईल असं वाटत नाही. वय झालं.

आक्कांना नमस्कार. झाडूचं वाचून हसलो.

तुझा,
धाकटा साडू


२१ ऑक्टोबर

साडूबुवा,

हे पत्र आहे की तार?

करवत उत्तम आहे म्हणजे काय? काप सरळ जातो का? भुसा कसा पडतो, पिठासारखा की जाडसर? कुठलं लाकूड होतं? ओलं की वाळलेलं? कापलं कुणी, तू की त्यानं? माझ्या करवतीला त्यानं हात लावला का? लावला असेल तर सरळ सांग, मी काही मनात आणणार नाही.

आणि वय झालं हे काय नवीन? मी तुझ्याहून मोठा आहे. माझं झालं नाही ते तुझं कसं होईल? तिथे भूक लागते म्हणून लिहिलं होतंस. मग जाणं का बंद? डॉक्टरशी बिनसलं का? बिनसलं असेल तर एका अर्थी... असो, ते मी लिहीत नाही. पण भुकेचं काय?

माझ्यापासून काहीतरी लपवतो आहेस. करवत अडली की तू असाच बोलायचास, ‘ठीक आहे, ठीक आहे.’ तेव्हा मला दुसऱ्या टोकाला कळायचं. आता मधे एवढं अंतर आहे, मला कळत नाही. लवकर लिही. पुठ्ठा घातलास का?

तुझा,
थोरला साडू


३० ऑक्टोबर

आदरणीय काका,

आपली ओळख नाही. मी तळमजल्यावरचा डॉक्टर. तुमच्या साडूंना न सांगता लिहितो आहे, त्याबद्दल हवं तर रागवा. तुमचा पत्ता पार्सलच्या वेष्टनावरून घेतला.

तुमच्या पुठ्ठ्याचं त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या घरचं टेबल हलत नाही. उन्हाळा संपता संपता त्यांचा उजवा खांदा गेला. आतला स्नायू फाटला आहे. हात छातीच्या वर जात नाही, लिहिताना थरथरतो. घरच्यांना माहीत आहे. तुम्हाला कळवू नये असं त्यांनी सगळ्यांना बजावलं आहे. म्हणतात, “तो रात्रभर झोपणार नाही आणि तिकडे आक्कांनाही झोपू देणार नाही.”

म्हणूनच मी दोन मुठींच्या साखळीचा हट्ट धरला होता. त्यांच्या खांद्याच्या डॉक्टरांना विचारून. ते म्हणाले, बसून, हात छातीखाली ठेवून, समोरच्यानं अर्धा भार घेतला तर हळूहळू ओढायला हरकत नाही, उलट चांगलंच आहे. पण तुमची करवत आली आणि विषय संपला. रानात मी म्हटलं, द्या, मी कापतो. म्हणाले, “नाही. ही एका माणसाची करवत आहे, साडूनं तसं लिहिलं आहे.” रात्री पाऊस होऊन गेला होता. बारीक लाकूड सगळं भिजलेलं, म्हणून त्यांनी मांडीएवढा वाळका ओंडका घेतला. अर्ध्यावर ओंडका दबला आणि पातं अडकलं. त्यांनी हिसका दिला आणि मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. पहिली गोष्ट काय म्हणाले असतील? “करवतीला काही झालं नाही ना?” आम्ही दुसऱ्याच दिवशी परतलो.

आता ते पुन्हा खिडकीशी बसतात. ताट तसंच परत जातं, असं सूनबाई सांगतात. मी साखळी आणून ठेवली आहे. ते तिला हात लावत नाहीत. “साडूनं नको म्हटलंय,” एवढंच. काका, माझं ते ऐकणार नाहीत. आजवर एकदाही ऐकलेलं नाही. बोलताना दर दोन वाक्यांनंतर तुमचं नाव येतं, मला आता तुमच्या गुडघेदुखीचा सगळा इतिहास पाठ आहे. खरं सांगतो, कधी कधी वाटतं, जन्मभर गुरं तपासली, पण आपल्याविषयी असं बोलणारं एकही माणूस जोडलं नाही.

तुम्ही त्यांना दोन ओळी लिहाल का?

आपला,
डॉक्टर


७ नोव्हेंबर

डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र आलं. हिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पांढराफटक चेहरा आला तिथे मी तिला थांबवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. मग बाकीचं ऐकलं.

मला तुमचा राग आला आहे, हे आधी लिहून टाकतो. खांदा त्याचा, साडू माझा, आणि कळवायचं तुम्ही. सगळ्यांना माहीत आणि मला टेबलाचा पाय! मी इथे पुठ्ठा पुठ्ठा करत बसलो.

त्याच्यासाठी चिठ्ठी सोबत आहे, ती द्या. तिच्यात एवढंच आहे: ‘दुकानात पुन्हा जाऊन नीट पाहिलं. साखळी चांगली आहे. घडीची बारीक फांद्यांना ठेव, जाड लाकडाला साखळी घे. दुसरी मूठ डॉक्टरला दे. मी सांगतो आहे म्हणून दे.’ तो कुरकुर करेल, पण ऐकेल.

पण नुसती मूठ दिल्यानं काही होत नाही. तुम्हाला सांगावं लागेल. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

ओंडका जमिनीवर टेकवून कापू नका. दोन्हीकडे खाली लहान लाकडं सारा आणि काप आधारांच्या बाहेर, मोकळ्या टोकाकडे घ्या, म्हणजे तुकडा खाली पडेल, दाबणार नाही. साखळी ओंडक्याभोवती आवळू नका, हात लांब ठेवा, पसरट ठेवा. फक्त आपल्याकडे ओढायचं. तो ओढेल तेव्हा तुम्ही मदत म्हणून ताण धरून ठेवाल, शिकलेली माणसं सगळी तसंच करतात, मीही आधी केलं होतं. ते करू नका. त्याची पाळी आली की हात ढिला करायचा, पण मूठ सोडायची नाही. हे जमायला मला पहिला पावसाळा गेला होता. तुम्हाला लवकर जमलं तर मला आश्चर्य वाटणार नाही, वाईट वाटेल.

तो उजव्या हाताचा. आता डाव्यानं ओढायला लावा, उजवा नुसता डाव्या हातावर ठेवू दे. डावा पाय पुढे रोवू दे. पहिल्या काही खेपा तो फार जोरात ओढतो, पोरासारखं, दाखवायला. तुम्ही हळू घ्या, तो आपोआप हळू होईल. नाकातून काहीतरी गुणगुणतो. गाणं कुठलं ते विचारू नका, त्याला स्वतःला माहीत नाही, आणि विचारलं की बंद होतं.

दमला की तो दमलो म्हणत नाही. म्हणतो, “लाकूड चिवट आहे.” लाकूड चिवट नसतं. तेव्हा तुम्ही म्हणायचं, “मी दमलो बुवा, जरा बसू या.” मी नेहमी असंच म्हणायचो. त्याला आजही वाटतं की मी दमाचा कच्चा होतो. वखारीत सगळ्यांना सांगत फिरायचा, “माझा साडू पाठीनं मोठा, छातीनं लहान.” सांगू दे. आता तुमच्याविषयी सांगेल. तुम्ही ते खोडून काढू नका.

अंगात लोकर असू दे. परत येताना पिशवी तुम्ही उचला, पण त्याच्या नकळत, तो पाणी प्यायला थांबेल तेव्हा.

मी यायचं मनात आणलं होतं. हिनं गुडघ्याकडे बोट दाखवलं. तुम्हाला त्याचा इतिहास पाठ आहे म्हणता, तेव्हा पुन्हा सांगत नाही.

तुम्ही जरा वाईट माणूस असता तर मला फार सोपं गेलं असतं. बिनसलं असेल म्हणून मी वाट बघत होतो, आणि तुम्ही पत्र लिहिलंत तेही त्याच्या ताटासाठी.

आता शेवटचं. ओंडका अर्ध्याहून जास्त गेला की तो मधेच थांबतो आणि मान वर करतो. तेव्हा अडकलं आहे का, दुखतं आहे का, असं काही विचारू नका. समोर कोण आहे ते तो बघतो, बाकी काही नाही. तुम्ही फक्त त्याच्याकडे बघा. मग तो खाली बघतो आणि पुढची ओढ त्याची असते. इतकी वर्षं त्याला समोर मी दिसत आलो. या वेळी तुम्ही दिसाल. त्याचा चेहरा तेव्हा कसा होतो, ते मला कळवू नका.

आपला,
त्याचा साडू